राजाच्या दालनात धनगरांचं गाडगं

कुरण जाणार, हे धनगरांना दवंडीनं कळलं. राजा चंद्रभानाला जगभरचा ठेवा जमवायचा नाद. ग्रीक यवनांचे पुतळे, चिनी बरण्या, अरबी तलवारी, सगळं एका दालनात मांडलेलं. आता दालन पुरेना, म्हणून शेजारचं कुरण हवं. तिथं चरणारी येसबा धनगराची मेंढरं कुठं जायची, ते काही दवंडीत नव्हतं.

येसबाची लेक म्हाळी तडक दरबारात गेली. 

"महाराज, साऱ्या जगाचा ठेवा मांडलात. आमचा कुठाय?"

"तुमचा? तुम्ही आज इथं, उद्या तिथं. तुमच्यात जपण्यासारखं आहे काय?"

दालनाचा दारोगा हसला, म्हणून दरबारही हसला.

"बरं," राजा म्हणाला, "या दालनात सगळ्यात जुनं जे असेल, त्याहून जुनं काहीतरी उद्या आण. आणलंस तर ते कायम इथं राहील आणि त्याच्या जपणुकीत कसूर होणार नाही, हा माझा शब्द. कुरण मात्र माझंच."

दुसऱ्या दिवशी म्हाळीनं राजापुढं दह्याचं गाडगं ठेवलं.

"हे तर कालचं दही," दारोगा म्हणाला.

"दूध कालचं. विरजण जुनं. आमच्यात लेक सासरी निघाली की माहेरचं विरजण बरोबर देतात. आईला आजीनं दिलं, आजीला पणजीनं."

"आणि पणजीला?" राजानं विचारलं.

"तुमच्या मुदपाकखान्यात विरजण कुठलं घालतात, महाराज?"

आचाऱ्याला बोलावलं. "कालच्या दह्यातलं," तो म्हणाला. कालच्याला? परवाचं. राजा विचारत गेला, आचारी मागं मागं जात राहिला. राजाच्या आजोबांच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचल्यावर त्याला घाम फुटला.

"पुरे," राजा म्हणाला. "विरजणाला सुरुवातच सापडत नाही. मान्य. दारोगा, गाडगं काचेच्या पेटीत ठेवा, कुलूप घाला."

"चार दिवसांत नासेल," म्हाळी म्हणाली. "अरबी तलवारीला अरबी तेल लावता ना? मग आमच्या ठेव्याला आमची रीत. रोज दही खाऊन संपवायचं, चमचाभर मागं ठेवायचं, ते ताज्या दुधाला लावायचं."

"लावू की," दारोगा म्हणाला. "गोठ्यात गाई आहेत."

"गाईच्या दुधाला लावलं की ते तुमचं दही झालं. आमचं मेंढीच्या दुधाचं."

"मग मेंढ्या बांधू गोठ्यात."

"बांधलेली मेंढी आटते, दारोगासाहेब. तिला चरायला कुरण लागतं. जपणुकीत कसूर नको, असं महाराजच म्हणालेत."

राजानं दारोग्याकडं पाहिलं, गाडग्याकडं पाहिलं, बोटभर दही चाखलं आणि मांडी थोपटत खो खो हसत सुटला.

कुरण त्यानं धनगरांना पिढ्यान् पिढ्यांसाठी लिहून दिलं, वर म्हाळीला चांदीचे वाळे. यवनांचा एक पुतळा बाजूला सरकवून गाडगं दालनाच्या मधोमध ठेवलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी धनगरांचा ठेवा खाऊन संपवण्याची कामगिरी दारोग्याकडं आली.