टिपकीचं अंडं

एक होती टिपकी. एवढीशी कोंबडी. अंगभर ठिपकेच ठिपके.

सकाळी तिने अंडं घातलं. छोटंसं. गुळगुळीत.
"कॉक कॉक कुकाक! माझं अंडं! माझं अंडं!"

सगुणामावशी आली. मावशीची जाडी कपिली कोंबडी टोपलीत बसली होती, अंडी उबवायला. मावशीने तिच्याखाली अंडी सरकवली. सगळी मोठी मोठी. आणि टिपकीचं अंडं? ते गेलं चुलीजवळ!

"मावशी, हे काय? माझं अंडं ठेव. मला पिल्लू हवं!"
"एवढंसं अंडं, एवढंसं पिल्लू! संध्याकाळी पोळी करीन त्याची."

कोंबडा हसला. "कुकुच कू! एवढीशी ती, केवढा तिचा तोरा!"

टिपकी फुगली. पंख फडफड फडफड.
"लहान म्हणून काय झालं? ठेव म्हणजे ठेव!"
"टोपली भरलीय, बाई. मोठी टोपली आण, मग बघू."

टिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आले नामाकाका. ते टोपल्या विणतात.
"काका काका, टोपली द्या.
टोपली मावशीला देईन.
मावशी अंडं ठेवेल."
"बांबू संपला, बाळा. बांबू आण, मग बघू."

तुरुतुरु तुरुतुरु. आलं बांबूचं बेट.
"बेटा बेटा, बांबू दे.
बांबू काकांना देईन.
काका टोपली देतील.
टोपली मावशीला देईन.
मावशी अंडं ठेवेल."
बेट म्हणालं, "भूक लागली. शेण आण, मग बघू."

ऊन चढलं. पाय भाजले. तुरुतुरु तुरुतुरु. आली गाय.
"गाई गाई, शेण दे.
शेण बेटाला देईन.
बेट बांबू देईल.
बांबू काकांना देईन.
काका टोपली देतील.
टोपली मावशीला देईन.
मावशी अंडं ठेवेल."
गाईने कान हलवले. फट् फट्! "कानात गोचीड बसलीय. चावतेय मेली! बगळा आण, मग बघू."

ऊन उतरलं. तुरुतुरु तुरुतुरु. आला बगळा. तळ्यात, एका पायावर.
"बगळोबा बगळोबा, गोचीड काढ.
गाय शेण देईल.
शेण बेटाला देईन.
बेट बांबू देईल.
बांबू काकांना देईन.
काका टोपली देतील.
टोपली मावशीला देईन.
मावशी अंडं ठेवेल."
बगळ्याने एक डोळा मिटला. "आज नाही. उद्या ये, मग बघू."

"उद्या? संध्याकाळी तवा तापेल! जो तो म्हणतो, मग बघू, मग बघू!"
टिपकी गर्रकन फिरली. मध्येच थांबली.
"गोचीड म्हणजे किडाच ना? किडे कोण टिपतं? मी टिपते!"

धूम पळाली गाईकडे. टुणकन उडी! गाईच्या डोक्यावर. कानापाशी. टक्! गट्टम्!

गाय म्हणाली, "हुश्श!" गाईने शेण दिलं. थप्प!
शेण बेटाला दिलं. बेटाने बांबू दिला. कडाड!
बांबू काकांना दिला. काकांनी टोपली विणली. सर्र सर्र, सर्र सर्र.
टोपली केवढी! टिपकी केवढी! टिपकीने टोपली ढकलली. गडगड गडगड.

घरी तवा तापला होता. मावशीने अंडं उचललं. आता फोडणार, इतक्यात...
गडगड गडगड धप्प! टोपली दारात!
"थांब, मावशी! ही घे टोपली. ठेव माझं अंडं!"
"अगंबाई! आणलीस की गं! बरं, ठेवते."

कपिली मोठ्या टोपलीत बसली. खाली मोठी अंडी. त्यात एक छोटंसं.

दिवस गेले. टिच्! टिच्! टिच्! पिल्लं आली.
मोठ्या अंड्यांची पिल्लं बसून राहिली. "चिव चिव, भरवा! चिव चिव, भरवा!"
एक पिल्लू एवढंसं. अंगभर ठिपकेच ठिपके. ते बसलंच नाही. तुरुतुरु पळालं. माती उकरली. किडा दिसला. टक्! गट्टम्!

मावशी बघतच राहिली. "सगळ्यांत चपळ हेच की! टिपके, पुढच्या वेळी आधी तुझीच अंडी ठेवीन. देशील ना गं?"

टिपकीने मान वाकडी केली. एक डोळा मिटला.
"मग बघू!"

आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मागून पिल्लू. तुरुतुरु तुरुतुरु.