नापास मुलीचा खेळ

"मग नियम करायचेच कशाला, गुरुजी? प्रत्येकाचं रडगाणं ऐकून मोडायला?"

नरहरी गुरुजी पूर्वी शाळेत शिकवायचे. आता टेकडीवरच्या मठात एकटे राहत. समोर बसलेला त्र्यंबक सानप त्यांचा जुना विद्यार्थी, आता तालुक्यातल्या हायस्कूलचा मुख्याध्यापक.

"कोण रडलं?" गुरुजींनी विचारलं.

"मुक्ता बडे. दहावीची. खो-खोची कप्तान. चाचणीत गणितात नापास झाली. माझ्या शाळेचा नियम आहे, एका विषयात जरी नापास, तरी खेळ बंद."

"नियम कुणी केला?"

"मीच. त्यानंतर निकाल सुधारला."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, जिल्ह्याची तेवढी मॅच खेळू द्या. आल्यावर मी गणितच करते. बाकी काही करत नाही."

"मग?"

"मी नाही म्हटलं. आज हिला सोडलं, तर उद्या दुसरीला काय सांगू? संघाची जीप निघाली तेव्हा फाटकाशी उभी होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही."

"तू बोलावलंस?"

"शिपायाला पाठवलं होतं." त्र्यंबकचा आवाज जरा चढला. "पुढं हजेरी कमी भरली. परीक्षेला बसवता येईना. तोही नियमच. तो तर मी केलेला नाही."

"आणि निकाल?"

"शंभर टक्के लागला."

खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"हे सांगायला टेकडी चढलास?"

त्र्यंबक ट्रॅक्टर गेला त्या रस्त्याकडे बघत राहिला.

"त्र्यंबक."

"काल ती दिसली, गुरुजी. कारखान्याच्या रांगेत. उसाच्या गाडीवर बसली होती."

"ऊसतोडीला गेली?"

"लग्न लावून दिलं. शाळा नाही, आईबाप तोडीला जाणार, पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि मुकादमाला जोडपं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात..." तो थांबला. "पोट दिसत होतं तिचं."

"तिनं ओळख दिली?"

"मीच तोंड फिरवलं होतं. तिनं वरून हाक मारली. सर! म्हणून. घाईघाईनं पदर सारखा केला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. चारचौघांत शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, आपली टीम जिंकली का?"

वारा पडला होता. मठाच्या दारातलं कुत्रं उठलं, सावली बदलून पुन्हा आडवं झालं.

"तू काय सांगितलंस?"

"जिंकली म्हणालो."

"जिंकली होती?"

"नाही. पहिल्याच सामन्यात हरली. तिच्यासारखं पळणारं कुणी नव्हतंच..." त्र्यंबक सांगत राहिला. "ती हसली, गुरुजी. बाजूच्या बाईला सांगायला लागली, जिंकली ती माझी शाळा, म्हणून."

मग त्या पन्नाशीच्या माणसानं, चौथीतल्या पोरासारखा, उजवा हात पुढं केला. तळवा वर.

"मारा, गुरुजी."

गुरुजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन बोटं उचलली आणि त्या तळव्यावर मारली. लागण्यासारखी.

"ही शिक्षा खोटं बोललास त्याची."

त्र्यंबकनं हात मागं घेतला नाही. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला.

"आणि बाकीच्याची?"

गुरुजींनी त्याची बोटं एकेक करून मिटवली. मूठ उचलून त्याच्याच मांडीवर ठेवली.

"ती कुठल्या नियमानं देऊ, त्र्यंबक?"