पाचव्या दिवसाची नाडी

"मग चुकलं कुठं, बुवा? काढा चुकला, की नाडी चुकली?"

त्रिंबकानं तिसऱ्यांदा विचारलं. नरहरबुवा सुंठ कुटत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

नरहरबुवा म्हणजे खाडीकाठच्या त्या गावचे म्हातारे वैद्य. त्रिंबक त्यांचा शिष्य. आठ वर्षं खल घासून चांगला तयार झालेला आणि, खोटं कशाला बोला, थोडा फुगलेलाही. अख्खे ग्रंथ तोंडपाठ! पण एका पोरीच्या पोटदुखीनं या पठ्ठ्याला पार भुईवर आणलं होतं.

पोरगी म्हणजे सोनाक्कांची सून, द्वारका. पाळी आली की दोन दिवस ती तळमळायची. ओरडू नये म्हणून पदराचा बोळा दातांत धरायची. त्रिंबकानं भर ओटीवर छाती ठोकून सांगितलं होतं, "तीन महिन्यांत दुखणं पळवतो."

सोनाक्का म्हणाल्या होत्या, "बरंय. दसऱ्यापर्यंत बघते. नाहीतर ही रोगट पोर माहेरी धाडते, ती कायमचीच."

आता दसरा आठ दिवसांवर आला होता. हा तिसरा महिना. आज पहाटेच द्वारका बाजूला बसली होती. त्रिंबकानं सकाळीच काढा पोचवला होता, आणि शेजारीण आत्ताच सांगून गेली होती, पोर अजून तळमळतेच आहे.

"ओवा, सुंठ, बाळंतशेप, गूळ... सगळं मापात आहे, बुवा. नाडीही बघितली होती. काही दोष नाही."

"हं."

बुवांनी बत्ता खाली ठेवला. पोटावर हात दाबला.

"त्रिंबका, माझं पोट दुखतंय रे. काढा कर. तिला देतोस तोच."

त्रिंबक गडबडला. म्हाताऱ्याला झालं तरी काय? पण शिष्यच तो, चुलीकडे पळाला. काढा उकळून वाफाळता गडू घेऊन आला, तर बुवा जागेवर नाहीत.

बुवा मागच्या पडवीत, गोठ्याच्या भिंतीला टेकून, ओलसर फरशीवर गोणपाट टाकून बसले होते.

"थांब! जवळ येऊ नकोस. मी बाजूला बसलोय."

"अहो बुवा!..."

"शिवायचं नाही. गडू उंबऱ्यावर ठेव. आधी आंघोळ कर, देवपूजा आटप, जेवून घे. मग ये."

त्रिंबकाला हसावं की रडावं कळेना. सत्तरीचा म्हातारा, पांढरी दाढी, आणि बाजूला बसलाय म्हणे! म्हातारचळ लागला की काय? पण आठ वर्षांत बुवांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं आंघोळ केली. पूजा केली. कसाबसा जेवला.

परत आला तेव्हा बुवा गोणपाटावर मुटकुळं करून पडले होते.

"वरून ओत," बुवांनी लांबूनच वाटी पुढं केली. "गडू वाटीला लागू देऊ नकोस हां."

त्रिंबकानं वरून धार धरली. निम्मा काढा फरशीवर सांडला. बुवांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालाय."

"गारच होणार! इतका वेळ उंबऱ्यावर होता तो. हा गरम गरम घ्यायचा असतो, बुवा. आणि ही फरशी बघा, बर्फ झालीय नुसती. या गारठ्यात पोट सुटेल की आणखी आवळेल?"

"मग शेकायला काही दे."

"देतो की! पण तुम्हीच तर शिवू नको म्हणालात..."

बुवांनी नुसतं पोट आवळून धरलं.

त्रिंबक चिडला. घाबरलाही. "ते राहू द्या. हात इकडं करा, नाडी बघतो."

"हां हां! आता नाही." बुवांनी हात आखडून घेतला. "पाचव्या दिवशी बघ. न्हाऊनबिऊन ओटीवर येईन, तेव्हा."

"पाचव्या दिवशी?" त्रिंबकाचा आवाज चढला. "पाचव्या दिवशी दुखणं असतं कुठं? अहो, दुखून गेल्यावर नाडी बघणारा कसला वैद..."

शब्द अर्धाच राहिला.

गेल्या तीन महिन्यांत त्यानं द्वारकेची नाडी दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा ओटीवर. दोन्ही वेळा ती न्हाऊन, कुंकू लावून, माणसांत आल्यावर. काढ्याचा गडूही तो सोनाक्कांच्या ओटीवर ठेवायचा, आणि मागं वळूनसुद्धा न बघता निघायचा.

त्रिंबकाचं तोंड उतरलं. लाजेनं कान तापले.

"बुवा, तिथंही असंच...?"

बुवा गोणपाट झटकत उठले. पोट दुखण्याचं नावही नव्हतं.

त्रिंबकानं चुलीत वीट तापवली, बुवांच्या घोंगडीत गुंडाळली. नवा काढा उकळला. भर दुपारी दोघं सोनाक्कांच्या घरी पोचले. बुवा ओटीवरच टेकले. त्रिंबक तडक मागच्या पडवीत गेला.

द्वारका फरशीवर पडली होती. पदर दातांत. डोक्याशी सकाळचा गडू, काठोकाठ भरलेला, गार होऊन वर तवंग आलेला.

"वहिनी, हात."

ती दचकून मागं सरली. "शिवू नका, त्रिंबकभाऊ. आत्याबाई..."

"हात द्या."

त्यानं मनगट धरलं. बोटांखाली नाडी ताडताड उडत होती. ही नाडी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. आठ वर्षं शिकलेलं सगळं त्या तीन बोटांखाली कुठल्या कुठं गेलं. काय करावं त्याला सुचेना, म्हणून त्यानं फक्त घोंगडीतली वीट तिच्या पोटाशी दिली आणि वाटी तिच्या हातात ठेवली. वाटीतून वाफ येत होती.

ती प्यायली. पदर पुन्हा दातांत धरून पडून राहिली. त्रिंबकानं मनगट परत धरलं.

बराच वेळ गेला... दातांतला पदर सुटला.

"जरा... बरं वाटतंय."

तेवढ्यात दारात सोनाक्का. "अगं बाई! शिवलास तिला? सगळ्या गावाला औषधं देणारा तू! आता कुणाच्या घरात पाऊल टाकणार? कोण घेईल तुझ्या हातचं?"

त्रिंबक तसाच बसून राहिला. तिचं मनगट अजून हातात. हात सोडावा की धरून ठेवावा, तेही त्याला कळेना.

ओटीवरून बुवांचा आवाज आला, शांत.

"काही काळजी करू नका, सोनाक्का. वैद्य बाजूला बसलाय. पाचव्या दिवशी न्हाईल."