राजाच्या झोपेची रापण

एक होता राजा. प्रतापरुद्र त्याचं नाव. नाव भलंमोठं, राज्य त्याहून मोठं, पण डोळ्याला झोप म्हणून नाही.

गेली कुठे म्हणाल, तर लहानपणी हा राजा समुद्राकाठच्या किल्ल्यात राहायचा. मग किल्ल्याचे चिरे निखळायला लागले. राजाने डोंगरापलीकडे नवा महाल बांधला, सामान हलवलं. पाटा-वरवंटा नेला, पाळणा नेला, मांजरसुद्धा नेलं. झोप तेवढी न्यायची राहिली. अंगावर थोडी होती, ती त्याने पुरवून पुरवून वापरली, आणि एक दिवस संपली की हो.

मग जायफळ घातलेलं दूध झालं. काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. काही उपयोग नाही. राजा चिडचिडा झाला, विसरायला लागला. आधी प्रधानाचं नाव विसरला. मग आपण जेवलो की नाही, ते विसरला. आणि एका सकाळी लाडकी लेक समोर आली, तर तिचंच नाव आठवेना. "ये गं बाळ," म्हणून त्याने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीही बाळ, तिसऱ्या दिवशीही बाळ. तिचं नाव सुरंगा, बरं का. पण त्याला सांगायला तुम्ही तिथे कुठे होतात?

मग राजा म्हणाला, आज आपण झोप शोधायला जायचं. पालखी निघाली, भोई निघाले, मांडीशी लेक बसली. डोंगर उतरला आणि समुद्र दिसला.

पहिलं गाव लागलं. तिथे बायका वाळूवर मासे सुकत घालत होत्या. राजाने विचारलं, "माझी झोप पाहिलीत का?" एक जण म्हणाली, "शेवटची बरी झोप जंय लागलेली, थंय बघा." मग दुसरं गाव लागलं. तिथे माडाखाली म्हातारे जाळी विणत होते. ते म्हणाले, "किल्ल्याची भिंत दर्यात गेली म्हाराज. तिच्यासोबत जा काय होता, ता पण गेला." मग आलं तिसरं गाव, अगदी किल्ल्याच्या पायाशी. अर्धा बुरूज उभा, अर्धा पाण्यात, त्यावर गवत डुलतंय. आणि खाली गावकरी रापण ओढत होते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीने समुद्रात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी दोर धरून सगळ्यांनी किनाऱ्यावर ओढायचं.

तिथली मोठी मथूबाय. जाळ्यात आलेल्या मासळीचे वाटे तीच घालायची. राजाने तिला झोपेचं सांगितलं. ती म्हणाली, "ओढूया. पण आमची रीत ऐका. दोरयेक जेचो हात लागतलो, तेकाच वाटो."

"हो हो," राजा म्हणाला आणि सावलीत बसला. भोयांना म्हणाला, ओढा. भोयांनी ओढलं. जाळ्यात काय आलं ठाऊक आहे? झोप. ताज्या भाताच्या वाफेसारखी, मऊ, पांढुरकी. मथूबायने करवंटीने मोजून भोयांना वाटे दिले. भोई वाळूतच घोरायला लागले. राजाची करवंटी रिकामी.

"तुमचो हात लागलो नाय, म्हाराज."

मग दुसऱ्यांदा जाळं पडलं. आता गावकरी धावले, आणि सुरंगा पण धावली. इवलेसे हात, पण दोर सोडला नाही पोरीने. वाटा मिळाला तशी म्हणाली, "बाबा, माझा तुम्हाला." ओंजळ धरून पळत निघाली. पण झोप ज्याची त्याचीच असते. अर्ध्या वाटेत तिचे डोळे मिटले आणि ती वाळूवर कलंडली. राजाने आपला शेला तिच्यावर घातला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर नाव येईना. तेव्हा राजाला रडू आलं. राजे रडतात, बरं का.

मग होडीवाल्यांनी तिसऱ्यांदा जाळं टाकलं, दोराची टोकं किनाऱ्यावर आणून दिली आणि तेही आडवे झाले. गावकरी वाटे घेऊन आधीच निजलेले. मथूबाय आणि राजा सोडून सगळा किनारा झोपला. भरती चढायला लागली, जाळं आत खेचलं जाऊ लागलं. शेवटची झोप त्यातच होती. एक टोक मथूबायने धरलं. दुसरं तसंच पडलेलं. हुकूम सोडायला कुणी जागं नव्हतं.

राजाने जोडे काढले, धोतर खोचलं आणि दोर धरला. हात सोलले. पाय वाळूत रुतले. मथूबाय ओढा म्हणाली की ओढायचं, थांबा म्हणाली की थांबायचं. आलं शेवटी जाळं. मथूबायने करवंटी भरून दिली.

"एवढीच?" राजाने विचारलं.

"सगळ्यांका सारखोच."

राजाने लेकीला उचलून पडक्या बुरुजाशी निजवलं, तिथेच टेकला आणि ऐन दुपारी असा झोपला, असा झोपला की लाटा पायाला लागल्या तरी कळलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा राजाने डोळे उघडले. शेजारी लेक निजलेली. तो वाकला आणि सहज म्हणाला, "सुरंगा, ऊठ गं. घरी जाऊ या." सुरंगा केव्हाचीच जागी होती. बाबांना आपलं नाव आठवत नाही, हे तीन दिवस तिला कळत होतं, बोलली नव्हती इतकंच. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली, आणखी एकदा ऐकायला. मग राजाने आणखी एकदा हाक मारली.

पुढे रापण पडली की राजा दोराला हात लावायला यायचाच. राजा सुखाने झोपला, सुरंगा झोपली, भोई झोपले, मथूबायही झोपली.

आणि तुम्ही मघापासून माझ्या गोष्टीला हं हं करत होतात ना? तेही ओढणंच. तेव्हा हा घ्या तुमचा वाटा. सगळ्यांना सारखा. मिटा डोळे.