वेबचं शास्त्र

“मग शास्त्र म्हणायचं तरी कशाला?”

निरंजनचा आवाज चढला होता. विद्यापीठाने त्याचा विभाग बंद करायचं ठरवलं होतं. वेबचा अभ्यास हे शास्त्र नव्हे, लोकांच्या चकाट्या मोजणं आहे, असं समितीतल्या एकाने तोंडावर ऐकवलं होतं. तो अपमान गिळता येईना, म्हणून तो वाईच्या पाठशाळेत आला होता. लहानपणी इथेच तो अच्युतशास्त्र्यांकडे तर्क शिकला होता.

शास्त्री आता फार थकले होते. भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते.

“तू नक्की काय अभ्यासतोस?”

“लोक वेबवर काय लिहितात, कोणाशी बोलतात, कधी एकटे पडतात. त्यातून नियम सापडतात, शास्त्रीबुवा.”

“खरे ठरतात?”

याच प्रश्नाची निरंजन वाट पाहत होता.

“ठरतात! एक मुलगा होता. टोपणनावाने लिहायचा. आधी रोज लिहायचा. मग लोकांना उत्तरं देईनासा झाला. मग जुनं लिहिलेलं पुसायला लागला. आमचा नियम सांगत होता, हा दिवाळीच्या आत जिवाचं बरंवाईट करणार.”

“आणि?”

“केलं.”

घाटावर कोणीतरी कपडे आपटत होतं.

“तू कधी बोललास त्याच्याशी?”

“नाही. बोलायचं नसतंच. पाहणारा मध्ये पडला की निरीक्षण बिघडतं.”

“पण वाचायचास?”

“सगळं. एक ओळ सोडली नाही.”

“शेवटची ओळ काय होती?”

ती ओळ निरंजनने भाषणांमधून कितीदा तरी पडद्यावर दाखवली होती. मोठ्याने कधी म्हटली नव्हती.

“‘कोणी वाचतंय का?’”

...

शास्त्र्यांनी त्याच्यावरची नजर हलवली नाही. निरंजनला ती सोसेना. तो घाईघाईने म्हणाला, “विभागात माझ्या हाताखाली माणसं आहेत. त्यांची पोटं आहेत. तुमच्या शब्दाला विद्यापीठात अजून मान आहे. एकदाच सांगा, हे शास्त्र आहे की नाही?”

“आहे.”

ज्यासाठी एवढा प्रवास केला तो शब्द मिळाला होता. छातीवरचं ओझं मात्र तसूभरही हललं नाही. उलट जास्तच जड झालं.

तो उठला. निघताना रीतीप्रमाणे पायांवर डोकं ठेवायला वाकला.

शास्त्र्यांनी पाय आखडून घेतले.

निरंजन वाकलेलाच राहिला. “माझं काही चुकलं का?”

“आज नमस्कार नको,” शास्त्री हलकेच म्हणाले. “तुला सुतक आहे.”