दोन पोटांची गाडी

एका गावात एक गाडी आली, आणि त्या गाडीला दोन पोटं होती.

गाव निंबखेड. गाडी हणमंत गव्हाण्याची. एका पोटात पेट्रोल जायचं, दुसऱ्यात वीज. विजेचं पोट रिकामं झालं की गाडी आपणहून पेट्रोलवर जायची. बसलेल्याला कळायचंही नाही. असली वस्तू गावानं पाहिली नव्हती. चार दिवस माणसं येऊन वाकून वाकून बघत होती. एक जण तर पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. त्याला दुसरं पोट दिसलं नाही. सदरा मात्र मळला.

हणमंताचा चुलतभाऊ सर्जेराव टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "हणमा, दोन पोटं म्हणजे दुखणीही दोन."

"तुझ्या टेम्पोला एकच पोट आहे," हणमंत म्हणाला, "तरी तो प्रत्येक चढाला कण्हतो."

लोक हसले. सर्जेराव हसला नाही.

हणमंताची बायको कौसल्या म्हशी राखायची. गुरांच्या पोटाचं तिला गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. तिनं एवढंच विचारलं, "पोट भरलं हे हिला कोण सांगतं?"

"आत प्रोग्रॅम असतो. भरलं की तोच वीज बंद करतो."

"आणि तो चुकला तर?"

"चुकायला तो काय माणूस आहे?"

हे हणमंत चारचौघांत बोलला. एकट्यात केलेला मूर्खपणा गुपचूप गिळता येतो. चारचौघांत केलेला गिळायला फार मोठा घसा लागतो.

गाडी गोठ्यात उभी राहायची. पक्कं छप्पर तिथंच होतं आणि विजेचा मोठा खटकाही तिथंच बसवला होता. चंद्री म्हशीला थोडी सरकवून जागा केली. गोठ्याच्या भिंतीला लागून आतली खोली. त्या खोलीत हणमंताची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आता नववा महिना लागला होता. दवाखाना बारा कोस. गाडी घेतली होती ती तिच्यासाठीच, असं हणमंत सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

गाडी येऊन तीन महिने झाले होते, तेव्हा कंपनीचं पत्र आलं. हणमंतानं ते कडुनिंबाखाली बसून दोनदा वाचलं. गाडीच्या प्रोग्रॅममध्ये आमची चूक राहिली आहे, असं लिहिलं होतं. विजेचं पोट भरलं तरी वीज बंद होत नाही, कधीकधी ते तापून पेट घेऊ शकतं. गाडी वीज लावून भरू नका. घरापासून लांब, उघड्यावर उभी करा. पेट्रोलवर चालवत आमच्याकडे आणा, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो.

साधी गोष्ट होती. पण हणमंताला त्यात गाडी दिसली नाही. त्याला सर्जेरावाचं तोंड दिसलं. गाडी परत गेली की पारावर काय बोलणी होतील ती त्याला आधीच ऐकू आली. त्यानं पत्राची घडी घातली आणि देवाच्या तसबिरीमागं सारली. आपल्याकडं हीच रीत आहे. जे काम करायचं नसतं, पण नाही म्हणायचीही भीती वाटते, ते देवाच्या मागं ठेवायचं.

तरी मनात किडा वळवळतच होता. चूक असते तरी कुठं? काही तुटलं नाही, काही गळत नाही, मग बिघडलं काय? दोन दिवसांनी तो गाडी घेऊन गफूर मिस्त्रीकडं गेला. म्हणाला, "जरा बघ रे. उगाच."

गफूरला अशी गाडी उघडायला मिळाली म्हणून तो खूश झाला. त्यानं बॉनेट वर केलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकलं. वायरी बोटांनी चाचपल्या. अर्धा तास गेला.

"आवाज ठीक, तेल ठीक, वायरी ठीक," तो म्हणाला. "पण तात्या, उगाच कुणी गाडी आणत नाही. कुणी काही सांगितलंय का?"

"नाही," हणमंत म्हणाला.

"मग ठीक. पण माझा पाना पोचतो तिथवरचंच मी सांगतो. प्रोग्रॅमला पाना लागत नाही."

हणमंतानं त्यातलं 'ठीक' तेवढं घरी नेलं. बाकीचं गॅरेजातच सांडलं. त्या दिवसापासून गाडी पुन्हा गोठ्यात भरायला लागली. मंजुळाला कधीही कळा येतील, गाडी भरलेली हवी, असं तो स्वतःला बजावायचा.

एका दुपारी कौसल्या धारेला बसली, तर चंद्री पान्हवेना. आंबोण पुढं केलं, तोंड लावेना. दावं ताणून ती गाडीपासून लांब, पार कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली होती. कौसल्यानं चरवी खाली ठेवली. म्हैस उगाच नाटकं करत नाही, नाटकं माणसं करतात. चंद्री कशाला भितेय? कौसल्या गोठाभर फिरली. साप नव्हता. मुंगूस नव्हतं. उरली गाडी.

मागच्या साली चंद्री दावं तोडून ओल्या लसूणघासात शिरली होती. खात सुटली ती थांबेचना. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. तिच्या तोंडातून घास ओढून काढला तेव्हा ती वाचली. कौसल्यानं तसाच तळहात गाडीच्या मागच्या कुशीला, सीटखाली लावला. लगेच मागं घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता, आणि आतून बारीक कुजबुज येत होती.

"अहो," तिनं हाक मारली, "हिचं पोट फुगलंय."

हणमंत दारात आला. "उन्हानं तापली असेल."

"गोठ्यात कुठलं ऊन?" कौसल्या म्हणाली. "भिंतीपलीकडं मंजू झोपलीय."

हणमंतानं भिंतीकडं पाहिलं. मातीत बसवलेल्या विटांची भिंत, वीतभर जाड. त्यानं ती स्वतः बांधली होती.

पुढचं त्यानं पटापट केलं. खटका पाडला, वायर उपटली. "मंजूला मागच्या दारानं बाहेर ने, आणि चंद्रीला सोड," असं बायकोला म्हणाला. गाडीचा गिअर सुटा केला आणि ढकलायला खांदा लावला. गाडी हलेना. एकट्यानं हलण्यातली ती नव्हती.

समोर सर्जेराव टेम्पो धूत होता.

हणमंत दोन श्वास तसाच उभा राहिला. त्या दोन श्वासांत काय जात होतं आणि काय राहत होतं, ते त्याचं त्यालाच माहीत. मग तो ओरडून म्हणाला, "सर्जा, धाव. गाडी पेटणार आहे. मला माहीत होतं."

सर्जेराव बादली टाकून धावला. आणखी दोघं आले. चौघांनी गाडी अंगणातून ढकलत उघड्या खळ्यावर नेऊन सोडली आणि लांब पळाले. थोडा वेळ काहीच झालं नाही. एक जण म्हणालाही, "घाबरट आहात लेको." मग मागच्या सीटखालून पांढरा धूर निघाला. शीळ घातल्यासारखा आवाज झाला, आणि गाडी मागून पेटली. बादल्या ओतल्या तरी विझेना. खळ्याकडेच्या बाभळीची एक बाजू करपून गेली. बाभूळ होती म्हणून बाभूळ. गाडी गोठ्यातच राहिली असती तर बाभळीच्या जागी काय असतं, ते सगळ्यांना कळलं.

मंजुळा मागच्या अंगणात म्हशीचं दावं धरून उभी होती. आठ दिवसांनी ती सर्जेरावाच्या टेम्पोतूनच दवाखान्यात गेली आणि तिला मुलगी झाली, पण ते नंतरचं.

हणमंत घरात गेला. तसबिरीमागून पत्र काढून आणलं आणि सर्जेरावाच्या हातात दिलं. सर्जेरावानं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"म्हणजे कंपनीला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुला?"

"मलाही. सव्वीस दिवस झाले."

सर्जेरावाला टोमणा मारायला याहून चांगली वेळ आयुष्यात मिळाली नसती. त्यानं पत्राची घडी घातली आणि परत दिली. म्हणाला, "मी हसलो असतो, हे खरंय."

कौसल्या मात्र गप्प बसली नाही. "ज्यांनी गाडी केली, त्यांनी आमचं चुकलं म्हणून साऱ्या मुलखाला पत्रं धाडली. त्यांना लाज वाटली नाही. तुम्ही तर ती केलीही नव्हती. तुम्हाला कसली लाज?"

हे ऐकताना हणमंताला दुसरंच काही आठवलं आणि तो दचकला. पलीकडच्या पिंपळदरीत बोडखे गुरुजींनी अशीच गाडी घेतली होती. हणमंताच्याच तोंडची स्तुती ऐकून.

"सर्जा, टेम्पो काढ," तो म्हणाला.

दोघं पिंपळदरीला पोचले तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. गाडी गुरुजींच्या पडवीत उभी होती, वायर लावलेली. हणमंतानं आधी वायर काढली आणि मग रामराम केला. गुरुजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"हे काय, गव्हाणे?"

हणमंतानं झालेलं सगळं सांगितलं. स्वतःचा मूर्खपणाही सांगितला, गाळला नाही. शेवटी खिशातलं पत्र काढून पुढं धरलं. "तुम्हाला हे आलं नसेल, म्हणून आलो."

गुरुजींनी पत्र हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं. अडकित्ता खाली ठेवला, उठले आणि देवघरात गेले. तसबीर पुढं ओढल्याचा आवाज आला.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात तसंच पत्र होतं, नीट घडी घातलेलं.

तात्पर्य: आपली चूक कळवणाऱ्याला हसू नये, आणि आपल्याला कळलेली चूक देवामागं लपवू नये, देव ती सांभाळून ठेवतो, दुरुस्त करत नाही.