चंद्रकोर गलबताचे दगड

एका खाडीच्या मुखाशी एक बंदर होते आणि त्या बंदरात दोन गलबते होती. एकाचे नाव वाघीण, दुसऱ्याचे चंद्रकोर. वाघिणीचे तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख, होते जानोजी, वयाने व अनुभवाने थोर. चंद्रकोरीचा तांडेल होता दर्याजी, तरुण, धाडसी आणि फार उतावळा.

या बंदराची एक रीत होती. पावसाळा सरला, समुद्र निवळला, की दोन्ही गलबते मीठ भरून दक्षिणेला जात. मीठ उतरवून परतताना त्यांची शर्यत लागे. जे गलबत आधी धक्क्याला लागेल, त्यातून ग्रामदेवतेची पालखी खाडीपार जाई. वर्षभर त्या गलबताच्या खलाशांना गावात मान असे. हा मान दर्याजीला आजवर एकदाही मिळाला नव्हता. त्याच्या वडिलांनाही मिळाला नव्हता.

आणखीही एक रीत होती. रिकामे गलबत पाण्यावर डगमगते, म्हणून त्याच्या तळाशी दगडांचा भार भरतात. त्याला नीरम म्हणतात. या बंदरात नीरम वाटेल तेथून आणीत नसत. प्रत्येक खलाशी आपल्या घरचे दगड आणी. कोणी अंगणातले, कोणी विहिरीच्या काठचे. गलबत परतले, की घरच्या बायका धक्क्यावर येऊन ते दगड धूत आणि पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवीत. दगड घरी आला, म्हणजे माणूस घरी आला, असे मानीत.

त्या वर्षी दर्याजीने आपल्या आईच्या, भागाईच्या, न्हाणीतला मोठा सपाट दगड उचलला.

भागाई म्हणाली, "नेतोस तर ने. पण जसा नेतोस तसा परत आण. तोवर मी चिखलात उभी राहून अंघोळ करायची आहे."

"आये, या खेपेला दगडही आणतो आणि पालखीही आणतो!" दर्याजी हसत म्हणाला.

मीठ उतरले. दोन्ही गलबते एकाच भरतीला परत निघाली. काय तो वारा! दक्षिणेकडून अखंड, पाठीवर थाप मारल्यासारखा! शिडे टम्म फुगली. पुढच्या टोकाला, नाळेवर, पाणी फुटून तुषार थेट डोलकाठीपर्यंत उडू लागले. खलाशी आरोळ्या ठोकू लागले. कधी चंद्रकोर पुढे, कधी वाघीण पुढे. अखेर वाघिणीने थोडी आघाडी घेतली आणि ती काही केल्या सोडीना.

गावचा डोंगर दिसू लागला, तसा दर्याजीचा धीर सुटला.

"नीरम काढा!" तो ओरडला. "दगड समुद्रात टाका! गलबत हलके झाले, की वाघीण मागे पडलीच म्हणून समजा!"

खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. गलबतावर स्वयंपाक करणारे लुमाकाका तेवढे पुढे आले. ते अंगाने चांगले भारदस्त होते.

"तांडेल, पाठीशी वारा आहे तोवर हे चालेल. खाडीत वळल्यावर काय कराल? आणि ही आमची अंगणे आहेत हो."

"काका, अंगण घरी शोभते. इथे शर्यत आहे. खरे तर आधी तुम्हांलाच टाकायला हवे. दोन हात सहज पुढे जाऊ!"

सगळे खो खो हसले. हसण्याच्या भरात पहिला दगड पाण्यात गेला. मग दुसरा, मग तिसरा. मग तर चढाओढच लागली. न्हाणीतला दगड दर्याजीने स्वतः उचलून फेकला. लुमाकाकांनी मात्र आपला दगड चुलीजवळ ओढून घेतला आणि ते त्याच्यावर बसून राहिले.

आणि चंद्रकोर धावली! पाण्याला जेमतेम टेकत, उड्या घेत धावली. पाहता पाहता तिने वाघिणीला गाठले आणि मागे टाकले.

"जानोबा!" दर्याजी दोन्ही हात उंचावून ओरडला. "आम्ही पुढे जाऊन पाणी तापवून ठेवतो! सावकाश या न्हायला!"

हलके झालेले ते गलबत जानोजींनी डोळे बारीक करून पाहिले आणि आपला हात सुकाणूवर घट्ट केला.

खाडीचे मुख आले. धक्क्यावरचे ढोल ऐकू येऊ लागले. दर्याजीने सुकाणू वळवले आणि त्या एका वळणात सारे पालटले. आतापर्यंत पाठीशी असलेला वारा कुशीवर आला. चंद्रकोर एका अंगावर कलंडली. काठावरून पाणी आत आले. पलीकडे खडकांची काळी रांग होती आणि गलबत तिकडेच सरकू लागले.

"सगळे वाऱ्याकडच्या काठावर चला!" लुमाकाका गरजले. खलाशी वर चढून ओळीने काठाला बिलगले. काकाही आपला दगड पोटाशी धरून तेथेच बसले. गलबत किंचित सावरले, पण किंचितच.

शीड ठेवावे, तर गलबत उलटणार. शीड उतरवावे, तर प्रवाह खडकांवर नेणार. तरणोपाय एकच होता. डोलकाठीवरचा बावटा उतरवणे, म्हणजे मदत मागणे. मात्र ज्याने बावटा उतरवला, तो शर्यतीतून बाद होई.

धक्का तर समोर दिसत होता! ढोल वाजत होते! दर्याजीने त्या गर्दीकडे पाहिले. मग काठाला बिलगलेल्या आपल्या माणसांकडे पाहिले. सगळे त्याच्या हातांकडे पाहत होते.

त्याने एका हाताने शीड सोडले आणि दुसऱ्या हाताने बावटा खाली ओढला.

ढोल थांबले. तेवढ्यात वळणावरून वाघीण आली. वारा तिच्याही कुशीवर होता, तीही कलली. परंतु तिच्या पोटात तिच्या माणसांची अंगणे होती. ती आपला तोल राखून थेट चंद्रकोरीजवळ आली.

"दोर धर रे, दर्या!" जानोजी ओरडले. "आणि न्हायचे पाणी तापले का?"

दर्याजीने दोर झेलला. खडकांवर फुटलेल्या लाटेचे पाणी सगळ्यांच्या अंगावर आले. दोर ताणला गेला, करकरला आणि चंद्रकोर हळूहळू खडकांपासून दूर झाली. धक्क्यावर एकच जयघोष झाला!

वाघिणीचे दगड उतरले. बायकांनी ते धुतले. चंद्रकोरीतून एकच दगड उतरला, तो लुमाकाकांचा. बाकीचे खलाशी मोकळ्या हातांनी उतरले. सर्वांच्या शेवटी दर्याजी उतरला आणि आईपुढे मान खाली घालून उभा राहिला.

"दगड कुठे आहे?" भागाईने विचारले.

"समुद्रात टाकला, आये. मीच टाकला, आणि इतरांनाही टाकायला लावले."

भागाईने त्याच्या मागे उभ्या असलेल्या खलाशांवरून नजर फिरवली.

"माणसे सगळी आली का?"

"आली."

"बावटा कोणी उतरवला?"

"मीच."

भागाईने हातातली पाण्याची घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली. "दगडासाठी आणले होते," ती म्हणाली. "आता तूच धुऊन घे. आणि उद्या खाणीवर जाऊन सगळ्यांच्या अंगणांसाठी दगड आण. आधी माझ्या न्हाणीचा."

दुसऱ्या दिवशी पालखी वाघिणीतून खाडीपार गेली. ढोल-ताशांच्या गजरात ती निघाली, तेव्हा दर्याजी खांद्यावर खाणीतला दगड घेऊन काठाकाठाने चालला होता. पालखी दिसताच तो थांबला आणि सर्वांत मोठ्याने जयजयकार त्याने केला.

तात्पर्य: जो भार आपल्याला सरळ उभे ठेवतो, त्याला ओझे समजून टाकू नये, आणि उतावळेपणाने तो टाकलाच, तर आपल्या मानासाठी इतरांचे प्राण धोक्यात न घालता वेळीच मदत मागावी.